चिखलात जाणारा पाय

आमच्या धंद्यात समोर आलेल्या माणसाला "पाय कसा गेला?" असं विचारायचं नसतं. पहिला प्रश्न असतो, "चप्पल कुठली वापरता?" माणूस गोंधळतो. त्याच्या आयुष्याचं वाटोळं झालेलं असतं आणि ही बाई चपलेची चौकशी करते! पण टाचेच्या उंचीवर नव्या पायाचा सगळा तोल असतो. शिवाय चपलेचं उत्तर देता देता आपण पुन्हा चालणार आहोत हे माणूस नकळत मान्य करून बसतो. हा प्रश्न मला नानांनी शिकवला.

नाना म्हणजे आमचे मालक आणि माझे गुरू. सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं कृत्रिम पायांचं वर्कशॉप होतं. पाय नसलेल्या माणसांचा धंदा आणि तोही लाकडी जिना चढून! हे फक्त आमच्याच पेठेत चालू शकतं. कुणी कुरकुर केली की नाना म्हणत, "वर आलात ना? मग खाली जायचा पाय आम्ही देऊ." माझे वडील येरवड्याला राहायचे, अपंगांसाठी बूट शिवायचे आणि नानांना चामड्याचे पट्टे पुरवायचे. पट्टे पोचवायला मी यायची. एक दिवस नानांनी माझ्या हातात कानस दिली आणि म्हणाले, "घास." पुढं चौतीस वर्षं घासत राहिले. त्या पेठेत, त्या काळात, आमच्या वस्तीतली मुलगी लोकांचे पाय हातात घेते याचं काही जणांना अवघड वाटे. ज्यांना फारच वाटे ते दुसरीकडे जात आणि तिथला पाय चावायला लागला की परत येत.

नानांचा दुसरा नियम होता. पाय कसा गेला ते विचारायचं नाही. सांगितलं तर ऐकायचं. ऐकलं की इथंच ठेवायचं, जिन्याखाली न्यायचं नाही. मी हा नियम एकदाच मोडला. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी काम कसं चालतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

उरलेल्या पायाला आम्ही स्टंप म्हणतो. स्टंपवर पातळ मोजा चढवायचा आणि कॉपिंग पेन्सिलीनं खुणा करायच्या. ही पेन्सिल ओली झाली की जांभळी होते. हाड कुठं वर आलंय, कुठं दुखतंय, कुठं भार सोसतो, सगळं मोज्यावर जांभळं उमटतं. मग वरून प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळायची आणि ती घट्ट होईपर्यंत हातात धरून बसायचं. वाळलेलं कवच काढून आत प्लास्टर ओतलं की त्या माणसाच्या स्टंपचा हुबेहूब ठोकळा तयार होतो, आणि जांभळ्या खुणा त्याच्यावर उतरलेल्या असतात. त्या ठोकळ्यावर सॉकेट, म्हणजे स्टंप बसायचं कवच, घडवतात. काम झालं की ठोकळा फोडून टाकायचा, कारण स्टंप दर वर्षी बदलतो. जुना ठोकळा ठेवून उपयोग नसतो.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. ती दहा मिनिटं हलायचं नसतं. दुसऱ्याच्या दोन हातांत आपला तुटका पाय, त्याला ऊब येतेय आणि समोरचं माणूस कुठं जाऊ शकत नाही. अशा वेळी लोक बोलतात. देवळात बोलत नसतील इतकं खरं बोलतात.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका निवृत्त मास्तरांची तक्रार होती की पाय करकरतो आणि खालच्या मजल्यावरचे लोक दुपारी एक ते चारमध्ये करकर चालणार नाही म्हणतात. एका बँकेतल्या बाईंना रबरी पावलाच्या नखांना नेलपॉलिश हवं होतं. नाना म्हणाले, "लाव. दुसऱ्या पायाला आहे ना? मग याला का नको?" आणि दर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात फौजी गिऱ्हाइकांची गर्दी. शाळाशाळांतून झेंडावंदनाला बोलावणी आलेली असत, पाय चकचकीत करून हवा असे. एका शाळेनं तर एका सुभेदारांना निरोप धाडला होता, जमल्यास अर्ध्या चड्डीत यावे, म्हणजे मुलांना दिसेल. सुभेदारसाहेब फुलपँट घालूनच गेले. मुख्याध्यापकांना म्हणाले, "पाय बघायचा असेल तर वर्कशॉपमध्ये न्या मुलांना. माझं तोंड बघा."

शेलारदादा आले त्याला वीसेक वर्षं झाली. मारुती शेलार, फौजेतले हवालदार, वारज्याच्या पुढं सिंहगडाच्या पायथ्याकडच्या एका गावचे. आमच्याकडे प्रत्येक निवृत्त जवानाला गाव 'मेजर' म्हणतं, तसंच यांनाही म्हणत. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. फौजेकडून मिळालेला चांगला पाय पिशवीत घालून आणला होता, आणि स्वतः कुबड्यांवर.

"चप्पल कुठली वापरता?" मी विचारलं.

"कुठलीच न्हाय. चिखलात कोन चप्पल घालतं?"

"मग हा पाय का काढलात?"

"ह्यो पाव्हण्यारावळ्यात ठीक हाय, ताई. मला चिखलात जाणारा पाय पायजे. भातलावणी करायचीय."

मी म्हटलं, लावणीला मजूर लावा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प पेन्सिल ओली केली. कुठं दुखतं विचारलं तर त्यांनी स्टंपच्या खाली, जिथं पाय नव्हता तिथं, हवेत बोट दाखवलं. अंगठ्याच्या जागी. हे बऱ्याच जणांना होतं, गेलेला पाय दुखत राहतो. मी सवयीनं म्हटलं, "तिथं पेन्सिल लागत नाही, दादा." ते हसले.

आणि त्या दहा मिनिटांत त्यांनी सांगितलं. कारगिलनंतर दोनेक वर्षांनी सीमेवर फौजा जाऊन उभ्या राहिल्या होत्या. युद्ध होणार म्हणून मैलोन् मैल जमिनीत सुरुंग पेरले. महिनामागून महिने गेले, युद्ध काही झालं नाही. मग हुकूम आला, पेरलेलं परत काढा.

"आमीच पेरलं, आमीच काढलं," ते म्हणाले. "नकाशावर प्रत्येक रांगेत किती, ते लिवलेलं असतं. आमच्या रांगेत एक कमी भरला. विलास म्हनला, दादा, परत बघू. ऊन व्हतं, जेवणाची गाडी येऊन उभी ऱ्हायली व्हती. मी म्हनलो, वाळूबरोबर सरकला आसंल, चल. चार पावलं गेलो न् माजा पाय गेला. मला उचलायला विलास पळत आला. तिथं पळायचं नसतं, ताई. पुढची रांग अजून काढायची व्हती, तिच्यातल्यावर त्येचा पाय पडला. त्यो जागीच गेला."

विलास वर्ध्याकडचा, चोवीस वर्षांचा. त्याला आई एकटी. शेलारदादांच्या आंबेमोहोर तांदळाच्या गप्पा ऐकून तो चिडवायचा, नुसत्या वासावर किती दिवस जेवू, एकदा पोतं आणा. ते पोतं द्यायचं राहून गेलं. म्हणून दवाखान्यातून सुटल्यावर दादा पहिल्याच वर्षी नीट न बसलेल्या पायावर तांदूळ घेऊन त्याच्या आईकडे गेले आणि सगळं सांगितलं. माऊलीनं तांदूळ ठेवून घेतला आणि म्हणाली, "येत जाय बापू, दरसाल." तेव्हापासून ते दर वर्षी जात. तो तांदूळ आपल्या हातांनी लावलेला असला पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. मजूर चालत नव्हते ते यासाठी.

मी पाय केला. घोट्याजवळ पाणी जायला भोक ठेवलं, तळवा लहान केला. पहिल्या लावणीला पाय चिखलात रुतून बसला आणि दादा एका पायावर बांधावर आले. वर्कशॉपमध्ये येऊन म्हणाले, "भात लावायला गेलो, पाय लावून आलो." मग मी वडिलांच्या पद्धतीचा चामड्याचा कमरपट्टा जोडला. तो पाय चालला. दर तीन-चार वर्षांनी नवा करायचा, मधे दुरुस्ती. येताना आंबेमोहोराची किलोभर पुरचुंडी आणि जिन्यावर त्यांची ती चाल, एक जड, एक हलका, मधे थोडं थांबणं. मी कानस खाली ठेवून चहा टाकायला उठायची. मला भाऊ नाही. त्यांनी कधी राखी मागितली नाही, मी बांधली नाही, पण होतं ते तसंच होतं.

आता माझी चूक.

आठेक वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या शाळेनं सव्वीस जानेवारीला त्यांचा सत्कार ठेवला. दादांनीच मुख्याध्यापकांना सांगितलं, पाय करणाऱ्या ताईंनाही बोलवा. मी कडक इस्त्रीची साडी नेसून स्कूटरवर गेले. मांडवात गाव जमलेलं, दादांची बायको मंदावहिनी पहिल्या रांगेत. मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, "कारगिलच्या बर्फात शत्रूशी झुंजताना ज्यांनी आपला पाय गमावला..." टाळ्या झाल्या. दादा खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना संकोच झालाय.

पुण्याच्या माणसाला चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. पाटीवरचा ऱ्हस्वदीर्घसुद्धा आम्ही दुकानदाराला आत जाऊन सांगतो. त्यातून मला तो अन्याय वाटला. या माणसाचं खरं दुःख कुणाला ठाऊक नाही आणि उसनं कारगिल गळ्यात घातलंय! माझी पाळी आली तेव्हा मी माइक धरला आणि म्हणाले, "एक दुरुस्ती करते. शेलारदादांचा पाय कारगिलला गेला नाही. न झालेल्या युद्धात, आपल्याच फौजेनं पेरलेले सुरुंग काढताना गेला. आणि ते शौर्य कमी नाही." विलासचं नाव घेतलं नाही एवढी अक्कल शिल्लक होती. मी टाळ्यांची वाट बघत थांबले.

टाळ्या झाल्या नाहीत. पुढं बसलेल्या एका मुलीनं मोठ्यानं विचारलं, "सर, मग युद्ध नव्हतंच?" मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी आपल्याच बाँबवर पाय दिला व्हय!" आणि तिथं जरा हशा झाला. मुख्याध्यापकांनी घाईनं शाल घातली, नारळ दिला, राष्ट्रगीत घेतलं. राष्ट्रगीताला दादा दोन्ही पायांवर ताठ उभे होते. मीच केलेल्या पायावर.

फाटकाशी मी त्यांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, बोलला ते खरंच हाय. पर ते माजं व्हतं." आणि मंदावहिनींबरोबर चालू लागले.

त्यानंतर ते आले नाहीत. एक पावसाळा गेला, दोन गेले. पाय बदलायची वेळ उलटून गेली. मी फोन केला तर वहिनी म्हणत, शेतावर गेलेत. पुढच्या सव्वीस जानेवारीला शाळेनं दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं, हे मला तिकडून येणाऱ्या एका दूधवाल्यानं सांगितलं. काही टवाळ पोरं त्यांना 'मेजर' सोडून 'सुरुंग' म्हणू लागली होती, हेही त्यानंच सांगितलं.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे, चांगली आठ वर्षं केला आहे. देशाची आठवण शाळेच्या फळ्यासारखी असते. जागा थोडी, म्हणून नाव असलेली आणि जिंकलेली युद्धंच मोठ्या अक्षरांत लिहितात. जी युद्धं झालीच नाहीत त्यांना तारीख नाही, भाषण नाही, त्यांच्यात गेलेल्या पायांना दिवस नाही. हे मला मांडवात सांगायचं होतं. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता. मी माझ्या न्यायबुद्धीची हौस दुसऱ्याच्या पायावर उभं राहून भागवली.

जिन्यावर जड-हलकं पाऊल वाजलं की मी अजून दचकत होते. मास्तर असायचे, नाहीतर कुरिअरवाला. चहाचं भांडं मी तसंच परत ठेवायची. फार आठवण यायची त्यांची. आंबेमोहोर विकत आणून शिजवला, पण तो वास काही आला नाही.

गेल्या वर्षी वर्कशॉप बंद झालं. नाना कधीच गेले होते, इमारत पाडायला घेतली. फळ्या रिकाम्या करताना मागच्या बाजूला एक ठोकळा सापडला. सापडला कशाला म्हणू, मीच ठेवला होता. शेलारदादांचा, शेवटच्या मापाचा. धंद्याच्या नियमानं तो फोडायला हवा होता. जांभळ्या खुणा फिकट झाल्या होत्या. मी तो, प्लास्टरच्या पट्ट्या आणि पेन्सिल पिशवीत घातली आणि दिवाळीच्या आधी, भातकापणीच्या दिवसांत, स्कूटर काढून त्यांच्या गावी गेले.

मंदावहिनींनी दारात पाणी दिलं. "आलासा? बरं झालं," एवढंच म्हणाल्या आणि शेताकडे बोट केलं. दादा बांधावर बसले होते. मिशा पांढऱ्या झालेल्या. शेजारी माझाच जुना पाय, चिखलाचा रंग धरलेला. स्टंपवर एकावर एक सहा मोजे, कारण स्टंप आटला होता आणि सॉकेट सैल झालं होतं. कडेला जखम होती.

"ही काय दशा केलीत?" माझ्या तोंडून आधी हेच आलं. मग रडू आलं. "चुकलं माझं, दादा. तेव्हाच यायला पाहिजे होतं."

ते विळ्याची मूठ पुसत राहिले.

"मी दोघींना सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "एकीनं तांदूळ घेतला. एकीनं माइक."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"कारगिल मी कवा म्हनलो न्हाय, ताई. लोक म्हनायचे. मी गप ऱ्हायचो. कारगिल म्हनलं की मानूस हात जोडतो न् पुढचं इचारत न्हाय. सुरुंग म्हनलं की इचारतो, कसा काय? तुमीच पेरला न् तुमालाच घावला न्हाय? मग विलासवर यावं लागतं. त्ये कारगिल मी अंगावर घेतलं व्हतं, थंडीत घोंगडं घ्यावं तसं. तुमी भरल्या मांडवात वढून काढलं."

"हो," मी म्हटलं. "काढलं."

मग तेच म्हणाले, "गेल्या साली वर्ध्याला जायाला जमलं न्हाय. पाय सोसना. मावशीनं, विलासच्या आईनं, शेजारच्याच्या फोनवरनं इचारलं, तांदूळ न्हाय आला तर न्हाय, तू का न्हाय आलास? थकलीय ती आता. या साली गेलो न्हाय तर..."

मी पिशवी उघडली. ठोकळा बघून त्यांना हसू आलं. "ह्यो ठिवला व्हय? तुमीच म्हनायच्या, फोडायचा असतो." ठोकळा आता त्यांच्या स्टंपशी कुठंच जुळत नव्हता, बोटभर जाड होता. अंगणात वहिनींनी गरम पाणी दिलं. मी खाली बसले, मोजा चढवला, पेन्सिल ओली केली, हाडाच्या, जखमेच्या, भाराच्या खुणा केल्या. सवयीनं विचारलं, "आणखी कुठं दुखतं?"

त्यांनी बोट दाखवलं. तिथंच, पाय नव्हता तिथं. या वेळी मी विनोद केला नाही. वाकून सारवलेल्या जमिनीवर, त्यांच्या अंगठ्याची जागा जिथं असती तिथं, जांभळी फुली केली.

ते फुलीकडे बघत राहिले. "जरा पुढं," म्हणाले. मी पुढं केली. "हां. तिथंच."

मग पट्टी गुंडाळली आणि दहा मिनिटं आम्ही दोघं गप्प बसलो. प्लास्टर गरम झालं.

ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बसून मी पाय पुरा केला. माझ्या हातचा तो शेवटचा. दिवाळी झाल्यावर दादा पोतं घेऊन वर्ध्याला जाऊन आले.

या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, शेलारदादांना विचारल्याशिवाय एक ओळ देणार नाही. नावं बदलली, गावाचं नाव गाळलं आणि हे सगळं लिहून त्यांच्या ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. माझ्या चुकीच्या भागाला त्यांनी मान हलवली. फौजेचा भाग आला तेव्हा हात वर करून थांबवलं.

"तिथं चुकलंय."

"कुठं?"

"एक कमी न्हवता. दोन कमी व्हते." ते अंगणाकडे बघत बोलत होते. "विलासचा पाय पडला त्यो पुढच्या रांगेतला न्हवता. आमच्याच रांगेतला. एक कमी असला तर मानूस म्हनतो, सरकला आसंल. दोन कमी असल्यावर थांबतो. विलास दोनदा म्हनला, परत बघू. मी थांबलो न्हाय."

मी कागद मिटला. विचारलं, "मावशींना?"

"तिला बी एकच सांगितला व्हता, इतकी वर्सं. या खेपेला गेलो तवा दोन सांगितलं. म्हून तुमाला सांगतोय."

"काय म्हणाल्या?"

"तांदूळ निवडत व्हती. निवडत ऱ्हायली. मग म्हनली, पुढच्या साली चार दिस राहाजो." त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "सुधारा त्ये, ताई. दुरुस्तीची सवय हाय तुमाला."

मी सुधारते म्हटलं. वरचा 'एक' मात्र खोडलेला नाही, कारण इतकी वर्षं तो तसाच सांगितला गेला आणि त्याच्याच आधारानं एक माणूस चालत राहिला. दुरुस्ती इथं करते आहे, त्यांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्याच शब्दांत. दोन कमी होते.